पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेशन कुठलं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की, आणि जानेवारीत जिममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही की, मला हेच प्रश्न फिरून फिरून येतात. पूर्वी प्रत्येकाला सात-सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवायचो. आता उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, फक्त नावं काढली आहेत.

१. सर, सर्टिफिकेटशिवाय ट्रेनर होता येत नाही का? कायद्याने लागतं का?

होता येतं. डॉक्टर-वकिलांना लागतो तसा सरकारी परवाना भारतात पर्सनल ट्रेनरला लागत नाही. म्हणून तर दंड बरे दिसणारा पोरगा या सोमवारी मेंबर असतो आणि पुढच्या सोमवारी ट्रेनरचा टी-शर्ट घालून फ्लोअरवर उभा असतो. साखळी जिम मात्र मुलाखतीआधीच सर्टिफिकेट मागतात. शिवाय परवाना लागत नाही म्हणून जबाबदारी टळत नाही. तुमच्या चुकीने कुणाचा खांदा गेला आणि प्रकरण तक्रारीपर्यंत पोचलं, तर ‘तुम्ही हे शिकलात कुठे?’ हे विचारलं जाणारच.

२. कोर्सचं सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन, दोन्ही एकच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे ‘हा विद्यार्थी आमच्याकडे येऊन गेला’ असा दाखला. ज्याने शिकवलं त्यानेच पेपर काढला, त्यानेच तपासला आणि त्यानेच सही केली. सर्टिफिकेशनची परीक्षा वेगळी असते. ओळखपत्र तपासून आणि निरीक्षकाच्या देखरेखीखाली ती होते. सर्टिफिकेशनला मुदत असते आणि ती संपण्याआधी नवं काही शिकून नूतनीकरण करावं लागतं. दाखला तुमच्याकडे जन्मभर राहतो, सर्टिफिकेशन काढून घेतलं जाऊ शकतं. माझ्या मते त्याची किंमत नेमकी त्यातच आहे.

म्हणून कोर्सची माहिती देणाऱ्या कुठल्याही समुपदेशकाला एकच प्रश्न विचारा: विद्यार्थ्याला तुम्ही तपासता, तुम्हाला कोण तपासतं? अमेरिकी संस्थांच्या बाबतीत अपेक्षित उत्तर असतं एनसीसीए, म्हणजे नॅशनल कमिशन फॉर सर्टिफाइंग एजन्सीज. हा आयोग परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा घेतो. आपल्याकडचं उत्तर असतं राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे एनएसक्यूएफ, आणि त्यावर देखरेख करणारी एनसीव्हीईटी, म्हणजे व्यावसायिक शिक्षण-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद. समोरचा ‘आमचं नावच पुरेसं आहे’ म्हणाला तर चहा पिऊन निघा.

३. जाहिरातीत ‘सरकारमान्य’, ‘आयएसओ प्रमाणित’ लिहिलंय. म्हणजे खात्रीचं ना?

या शब्दांखाली काय दडलेलं असतं ते पाहा. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. कार्यालयाचं कामकाज ठरल्याप्रमाणे चालतं, एवढंच ते सांगतं. स्क्वॉट कसा शिकवतात याच्याशी त्याचा संबंध नाही. उद्यम नोंदणी कुठल्याही छोट्या व्यवसायाला मिळते, पापडाच्या उद्योगालाही. एनजीओ दर्पणवरची नोंद म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याची नोंद. शॉप अ‍ॅक्टचा परवाना फ्रेम करून भिंतीवर लावलेला मी स्वतः पाहिला आहे.

खरी तपासणी दोन मिनिटांची आहे. भारतीय पात्रता असेल तर तिचा क्रमांक मागा आणि राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या संकेतस्थळावर शोधा. फिटनेसच्या पात्रता ज्या क्षेत्र कौशल्य परिषदेकडे येतात, तिचं नाव एसपीईएफएल-एससी. क्रमांक देताना फोनवर टाळाटाळ झाली, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. आणखी एक: पदवी फक्त विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच देता येते, ‘डिप्लोमा’ हा शब्द मात्र कुणीही छापू शकतो.

४. एसीई, एनएएसएम, एनएससीए, एसीएसएम, इसा... डोकं फिरलंय. एक सांगा.

या पाचही ट्रेनरना सर्टिफिकेशन देणाऱ्या अमेरिकी संस्था. एक सांगणार नाही. कुणाला शिकवायचंय ते तुम्ही सांगा, मग निवड सोपी होते.

साखळी जिममध्ये नोकरी, ऑफिसातून येणारे क्लायंट, वजन कमी करणं, गुडघे-कंबर सांभाळणं, असं काम डोळ्यांसमोर असेल तर एसीई किंवा एनएएसएम. एसीई १९८५ पासून आहे. माणसाशी बोलायचं कसं, सवय लावायची कशी, यावर तिचा भर जास्त. परीक्षा १५० प्रश्नांची, वेळ तीन तास आणि ८०० पैकी ५०० गुणांना पास. एनएएसएम १९८७ ची. ती शरीराची ठेवण तपासून पायरीपायरीने व्यायाम रचायला शिकवते. तिच्या परीक्षेत १२० प्रश्न आणि दोन तास. पहिल्या वर्षी कुणीतरी बोट धरून चालवावं असं वाटणाऱ्यांना तिची चौकट आवडते. माझी तक्रार एवढीच की काही मुलं पुढे जन्मभर त्या चौकटीबाहेर पडत नाहीत.

खेळाडू, ताकद, बारबेल हा तुमचा प्रांत असेल तर १९७८ ची एनएससीए. तिच्या परीक्षेत चित्रं आणि व्हिडिओ दाखवून चूक ओळखायला लावतात, हे मला फार पटतं. तिचंच सीएससीएस हे वरचं सर्टिफिकेशन संघांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आहे आणि त्याला पदवी लागते. बारावीनंतर लगेच त्याच्या मागे लागू नका.

एसीएसएम सर्वांत जुनी, १९५४ ची. तिचा पाया वैद्यकीय आणि संशोधनाचा. फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर किंवा हृदयरोग्यांच्या पुनर्वसनाशी जोडून काम करायचं असेल तर तिचं वजन वेगळंच. अभ्यासही तसाच जड.

इसाबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

५. अमेरिकेचं महाग आहे. भारतातलं चालत नाही का?

चालतं, आणि एका बाबतीत उजवं ठरतं. अमेरिकी पॅकेज म्हणजे बहुतेक वेळा पुस्तक, व्हिडिओ आणि सराव प्रश्न. तुम्ही डेडलिफ्ट शिकवताना तुमचा हात चुकीच्या जागी आहे, हे सांगायला तिथे कुणी नसतं. मुंबईच्या के-११ सारख्या संस्थेत वर्गात बसून, उपकरणांवर शिकता येतं. पुण्याच्या आयएनएफएससारखे अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत आणि आहारशास्त्राकडे झुकलेले आहेत. एनएसक्यूएफची फिटनेस ट्रेनर ही पात्रता खर्चाने हलकी. सरकारी किंवा महापालिकेच्या व्यायामशाळेत काम हवं असेल तर ती आधी बघा.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला मी म्हणेन, आधी प्रत्यक्ष शिकवणारा चांगला भारतीय कोर्स करा, सहा-आठ महिने फ्लोअरवर घाम गाळा आणि मग स्वतःच्या कमाईतून आंतरराष्ट्रीय परीक्षा द्या. लातूर-नांदेडहून विचारणाऱ्यांना शहरात राहण्याचा खर्चही धरावा लागतो. त्यांनी ऑनलाइन अभ्यास आणि गावातल्या जाणत्या ट्रेनरच्या हाताखाली उमेदवारी, अशी जोडी जमवावी.

६. माझं इंग्रजी कच्चं आहे, मराठी माध्यम होतं. जमेल का?

जमेल, पण सोपं आहे असं सांगून फसवणार नाही. अमेरिकी परीक्षांचे पेपर इंग्रजीत असतात आणि अडचण शरीरशास्त्राच्या शब्दांची नसते. बायसेप्स, हॅमस्ट्रिंग जिममध्ये सगळेच म्हणतात. अडवतात ती प्रश्नांची वळणं: ‘सर्वांत योग्य कोणतं’, ‘खालीलपैकी कोणतं वगळून’, ‘आधी काय कराल’. म्हणून पुस्तक एकदा वाचून झालं की रोज वीस सराव प्रश्न सोडवा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न स्वतःच्या मराठीत लिहून काढा.

एक उपाय माझ्याकडच्या मुलांना फार लागू पडला. प्रत्येक प्रकरण वाचलं की ते घरी आईला किंवा आजीला मराठीत समजावून सांगायचं. ‘आजी, खुर्चीतून उठताना तुझ्या मांडीचा पुढचा स्नायू काम करतो, बसताना तोच स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो.’ आजीला कळलं म्हणजे तुम्हाला कळलं. पुढे तुमच्या निम्म्या क्लायंटना हीच भाषा लागणार आहे.

७. कॉमर्स केलंय. सायन्स लागतं का?

नाही. वय १८ पूर्ण, बारावी पास आणि चालू मुदतीचं सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवण्याचं प्रशिक्षण (प्रश्न १०), एवढं असेल तर बहुतेक ठिकाणी पुरतं. सायन्सवाल्यांना पहिली तीन प्रकरणं सोपी जातात, पुढे सगळे सारखेच.

८. माझं बीपीएड झालंय. वेगळं सर्टिफिकेशन कशाला? आणि एनआयएसचं चालेल का?

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा पुण्याचं आगाशे महाविद्यालय अशा ठिकाणी शिकलेल्याचा पाया चांगला असतो, त्याला कमी लेखू नका. पण बीपीएड ही मुळात शाळेतल्या शिक्षकाची तयारी आहे: साठ मुलं, एक मैदान, एक शिट्टी. इथे समोर एकच माणूस असतो, ४८ वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेणारा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं प्रशिक्षण १९६१ पासून खेळांचे प्रशिक्षक घडवतंय. कुस्ती किंवा अ‍ॅथलेटिक्सचा कोच व्हायचं असेल तर तेच घ्या. जिममधल्या कामासाठी दोन्हींवर एक पर्सनल ट्रेनर सर्टिफिकेशन जोडा. तुमचा अभ्यास इतरांच्या निम्म्या वेळात होईल.

९. दहा वर्षं तालमीत आहे, स्पर्धाही जिंकल्यात. मला परत वर्गात बसवणार का?

कोल्हापूर, सांगलीकडून हा प्रश्न येतो आणि त्यात थोडा राग असतो. राग समजतो. जोर-बैठका, मल्लखांब, करेला म्हणजे जड मुद्गल फिरवणं यांतून शरीराची जी जाण येते ती पुस्तकातून येत नाही. वस्ताद चालीवरून माणसाची कंबर ओळखतो.

पण स्वतःचं शरीर घडवणं वेगळं आणि दुसऱ्याचं घडवणं वेगळं. तालमीत येणारा पोरगा तरुण आणि निरोगी असतो, झेपलं नाही तर आपणच यायचा बंद होतो. पर्सनल ट्रेनिंगला येणारा बहुतेकदा ज्याला झेपत नाही तोच असतो. कौशल्य परिषदांमार्फत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. पूर्ण कोर्स न करता थोडं मार्गदर्शन आणि मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं. केंद्रात बॅच कधी आहे याची चौकशी करा. स्पर्धेचा मेडल भिंतीवर राहू द्या, क्लायंट त्याच्याकडे बघूनच आत येतो.

१०. सीपीआर कुठे करायचं? ऑनलाइन चालतं का?

हातांनी करून दाखवण्याचा भाग असलेलंच करा. नुसत्या व्हिडिओवर मिळालेलं प्रमाणपत्र एसीईला चालत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनची मान्यता असलेली केंद्रं मोठ्या रुग्णालयांत असतात आणि त्यांचं कार्ड दोन वर्षं चालतं. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस प्रथमोपचार शिकवतात, पण तुमच्या परीक्षेला त्यांचं प्रमाणपत्र चालतं का ते आधी लिहून मागा.

मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबणं म्हणजे काय, हे पुतळ्यावर दोन मिनिटं केल्याशिवाय कळत नाही. मनगटं भरून येतात. जिममध्ये कुणी कोसळला तर रुग्णवाहिका येईपर्यंत तिथे तुम्हीच असता.

११. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, लग्नानंतर पासपोर्टवर वेगळंच. परीक्षेला अडवतील का?

अडवू शकतात. हा खास आपल्याकडचा घोळ आहे. बोर्डाच्या कागदावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. परीक्षा घेणारी परदेशी संस्था नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवते. म्हणून नोंदणी करतानाच पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगने टाका. पासपोर्ट नसेल तर जे ओळखपत्र चालतं त्यावरचं. मधलं नाव ओळखपत्रावर असेल तर तेही टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, आधी ओळखपत्र बदलून घ्या, मग पैसे भरा. परीक्षेच्या दिवशी परत पाठवलं तर शुल्क बुडतं.

१२. घरी बसून, पुस्तक उघडून परीक्षा देता येते म्हणे. मग अवघड का घ्यायचं?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. घरून परीक्षा देणं गैर नाही. कॅमेऱ्यासमोर, निरीक्षक बघत असताना दिलेली ऑनलाइन परीक्षा केंद्रावरच्या परीक्षेइतकीच धरली जाते. पुस्तक उघडून, देखरेखीशिवाय दिलेली परीक्षा मात्र वेगळी.

इसाची घरून द्यायची परीक्षा अशी पुस्तक उघडून देण्याची म्हणून ओळखली जाते. एनसीसीए मान्यतेची परीक्षा हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. एनएएसएमनेही देखरेखीची आणि बिनदेखरेखीची असे दोन मार्ग ठेवले आहेत. नाव एकच, वजन वेगळं. पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा: ‘या पॅकेजमधली परीक्षा एनसीसीए मान्यतेची आहे का?’ उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात हवं. लांबलचक आलं तर ‘नाही’ समजा.

१३. एकूण खर्च किती धरू?

रुपयांचा आकडा लिहिला तर तो दोन महिन्यांत खोटा ठरेल, कारण या संस्थांचा ‘आज रात्री बारापर्यंत सवलत’ असा सेल वर्षभर चालू असतो. घाई करू नका, पुढच्या आठवड्यात तो परत येतो. हिशेबात मात्र हे सगळं धरा: पॅकेजची किंमत, डॉलरमध्ये पैसे भरताना बँक कापते ते, भारतीय कोर्स असेल तर फीवरचा जीएसटी, सीपीआर, नापास झालात तर फेरपरीक्षेचं शुल्क आणि दर नूतनीकरणाचा खर्च. हा शेवटचा आकडा जवळजवळ कुणीच विचारत नाही. कर्ज काढून सर्वांत महागडं पॅकेज घेऊ नका. सर्वांत स्वस्त पॅकेजमधलं पुस्तक बहुधा तेच असतं.

१४. नूतनीकरण नाही केलं तर काय होतं?

मुदत संपते आणि ‘सर्टिफाइड’ म्हणवून घेण्याचा हक्क जातो. एसीई आणि एनएएसएमला दर दोन वर्षांनी वीस तासांइतकं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. एसीएसएमची मुदत तीन वर्षांची. एनएससीएचंही चक्र तीन वर्षांचं, पण ते सगळ्यांना एकाच वेळी संपतं. चक्राच्या शेवटी पास झालेल्याला तीन वर्षं मिळत नाहीत, मात्र त्याच्याकडून मागितलं जाणारं शिक्षणही त्या प्रमाणात कमी असतं. मुदत तीन वर्षांपेक्षा कमी दिसली म्हणून घाबरून फोन करणारे असतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं. तारीख मोबाइलमध्ये तीन महिने आधीची लावून ठेवा.

१५. सर्टिफिकेशन झालं की डाएट चार्ट आणि सप्लिमेंट देऊ शकतो ना?

सर्वसाधारण सल्ला द्या: ताटात भाकरी किती, उसळ किती, पाणी, झोप, चहातली साखर. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड असलेल्याला उपचाराचा आहार लिहून देणं हे आहारतज्ज्ञाचं काम आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पोषण आणि फिजिओथेरपी हे व्यवसाय नियमनाखाली आणले आहेत, हेही ध्यानात ठेवा.

सप्लिमेंटच्या डब्यावर ट्रेनरला कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. आणि इंजेक्शनबद्दल विचारणाऱ्यांना एकच उत्तर: अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. जिमच्या लॉकरमधून ती देणारा ट्रेनर गुन्हा करतो आहे. मी उमेदवारी केली त्या जिममध्ये हे चालायचं. ती नोकरी मी सोडली, पण उशिरा सोडली याची अजून लाज वाटते.

१६. बीपी, शुगर, गरोदर महिला, स्लिप डिस्क... यांना घ्यायचं की नाही?

पहिल्या भेटीत आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या. ‘पार-क्यू’ म्हणतात ती प्रत्येक चांगल्या कोर्समध्ये शिकवतात. एकाही उत्तरात शंका आली तर डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत वजन उचलायला लावायचं नाही. दुखण्याचं निदान तुम्ही करायचं नाही. ‘ही डिस्कच आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही.

मूळ सर्टिफिकेशनमध्ये हा भाग वरवरचा असतो. एक उदाहरण देतो. २२० मधून वय वजा करून नाडीचा कमाल वेग काढायला आणि त्यावरून व्यायामाचा आकडा ठरवायला सगळेच शिकतात. पण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची नाडी त्या औषधानेच दबलेली असते. तो आकडा गाठायला लावलंत तर माणूस धापा टाकेल आणि घड्याळात नाडी तरीही कमीच दिसेल. तिथे ‘बोलता येतंय का, दहापैकी किती दमलात’ हेच विचारायचं. अशा क्लायंटबरोबर काम करायचं असेल तर एक वर्ष अनुभव घेऊन त्या विषयाचं वेगळं विशेष प्रशिक्षण घ्या. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या व्यायामाचं नीट शिकलेल्या ट्रेनर मुली फार कमी आहेत आणि मागणी मोठी आहे.

१७. दुबईला जायचंय. बहीण लंडनला आहे, तिथेही बघतोय. कुठलं चालेल?

दुबईत आरईपीएस यूएई या तिथल्या व्यायाम प्रशिक्षकांच्या नोंदवहीतली नोंदणी पाहिली जाते. तुमचं सर्टिफिकेशन त्यांच्या यादीत बसतं का, हे भारतातून निघण्याआधी तपासा. दुबईसाठी शैक्षणिक कागदपत्रांचं साक्षांकन परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईचा दूतावास अशा टप्प्यांनी होतं, त्याला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये लेव्हल २ म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर आणि लेव्हल ३ म्हणजे पर्सनल ट्रेनर अशी उतरंड आहे, व्यावसायिक संस्था सिम्स्पा. अमेरिकी सर्टिफिकेशन घेऊन गेलेल्याला तिथे लेव्हल ३ करावं लागू शकतं. म्हणून परदेश नक्की असेल तर इथे दोन परीक्षांवर पैसे घालवू नका.

१८. फी भरली. आता ‘नोकरीची हमी’ देणारे फोनच उचलत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, जाहिरातीचा फोटो आणि पावती जपून ठेवा. आधी लेखी नोटीस पाठवा, ईमेलने पाठवली तरी चालेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंत फी भरलेल्या प्रकरणात तक्रारीला शुल्क लागत नाही. रोख भरून पावती न घेतलेल्यांची केस अवघड असते. पुढच्यांनी यूपीआयने भरा.

१९. पास झालो सर, पण क्लायंट समोर आला की हात थरथरतात.

होतं. परीक्षेत चार पर्याय असतात, समोर एक काकू असतात आणि त्या म्हणतात, ‘गुडघ्यातून कटकट आवाज येतोय रे.’ पहिले तीन महिने एखाद्या जुन्या ट्रेनरच्या मागे उभं राहा, पगार कमी मिळाला तरी. रोज एका क्लायंटची नोंद वहीत लिहा: काय करायला लावलं, काय जमलं नाही, मी काय बोललो. पहिले पाच क्लायंट घरचे घ्या. मामा, शेजारच्या काकू, कॉलेजचा मित्र. त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, पण वेळ पाळायला लावा. सहावा क्लायंट आला की स्क्वॉट स्वतः करून न दाखवता, नुसत्या शब्दांत शिकवायचा प्रयत्न करा. तो नीट बसला की मला मेसेज टाका.